हाळीला ओ

भोरला आमच्या आळीत मला अजूनही ‘बशीर पंक्चर’ म्हणतात. मी अंदमानच्या समुद्रात वर्षानुवर्षं मशीन चालवून आलो, जिवंत ज्वालामुखीसमोर बसून पोहे खाल्ले, पण नावात काही फरक पडला नाही. या अंकाचे संपादक गुरुजी घरी आले, तेव्हा आधी बराच वेळ ते माझ्या डाव्या कानाशी बोलत राहिले. मी खूण करून त्यांना उजवीकडे बसवलं. मग कळलं, ते म्हणत होते, “समुद्राखालच्या तुमच्या अनुभवांवर लिहा.” मी म्हटलं, “गुरुजी, समुद्राखाली मी एकदाही गेलेलो नाही. मला धड पोहतासुद्धा येत नाही.” ते हिरमुसले. चहा संपवला आणि उठताना म्हणाले, “मग वरचं लिहा.”

वरचंच लिहितो. खालचं लिहिणारे पुष्कळ आहेत.

कापूरहोळला, हायवे सोडून भोरकडे वळतात त्या फाट्याजवळ माझं टायरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, पाण्याचा हौद, एक कॉम्प्रेसर आणि बाहेर पांढरा रंग दिलेला टायर, एवढाच पसारा. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि तिथं ठिगळ लावायचं. बुडबुड्यांशी माझी ओळख तेव्हापासूनची. माझी बायको शमीम गेली त्याच सुमारास रस्ता रुंद झाला आणि शेड हलवावी लागली. मी ती परत उभी केलीच नाही. मूलबाळ नव्हतं. सकाळी उठून जायला ठिकाण उरलं नाही आणि संध्याकाळी घरी यायला कारण उरलं नाही. अशात माझं एक जुनं गिऱ्हाईक असलेले साहेब भेटायला आले. त्यांची अंदमानात बोट होती, लोकांना समुद्राखालचं दाखवून आणायची. म्हणाले, “बशीरभाई, टायरात भरता तशी माझ्या सिलिंडरांत हवा भरायची. येता का?” मला कुणाला विचारायचंच नव्हतं, म्हणून मी बसल्या जागी हो म्हणालो.

अशा बोटीला ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. आपल्या माणसाला सांगायचं तर मुक्कामी बोट. वेल्ह्याच्या आतल्या गावांत मुक्कामी एस.टी. जाते आणि ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, तसा हा प्रकार. फक्त इथं गाव नसतं. पाहुणे बोटीवरच जेवतात, झोपतात आणि उठून पाण्यात उड्या मारतात. पोर्ट ब्लेअरहून निघालं की उजाडताना समोर बॅरन बेट दिसतं. भर समुद्रात एकटा उभा असलेला काळा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर धूर. वस्ती नाही, झाड नावापुरतं, मोबाईलला रेंज नाही. बेटावर उतरायला परवानगी नाही. पण त्या राखेत शेळ्या आहेत, रानटी. कुठल्या तरी जुन्या जहाजानं सोडल्या म्हणतात. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला वाटलं, आपलं डोकं फिरलं.

तिथं नांगर टाकता येत नाही. काठापासून जरा सरकलं की समुद्र सरळ खाली जातो. त्यामुळे बेटासमोर इंजिन चालू ठेवून बोट नुसती धरून ठेवायची असते. वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं, पुढं लागणार आहे.

आता माझं काम. पाण्याखाली जाणारा माणूस पाठीला सिलिंडर बांधतो. त्यात ऑक्सिजन असतो असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. त्यात साधी हवा असते, तुम्ही आत्ता घेताय तीच. छोट्या न्हाणीघरात मावेल एवढी हवा दाबून दाबून एका सिलिंडरात कोंबलेली असते. पुण्याचे एक मोठे अधिकारी आले होते. ते रोज सकाळी मला विचारायचे, “ऑक्सिजन फुल ना?” मी रोज सांगायचो, “साहेब, हवा आहे.” शेवटी वैतागून म्हणालो, “साहेब, ऑक्सिजन पाहिजे असेल तर दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागेल.” ते मनापासून हसले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बशीरभाई, ऑक्सिजन एक नंबर होता.”

हवा भरण्यात डोकं लागत नाही असं लोकांना वाटतं. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो ती नळी वाऱ्याच्या तोंडाकडे धरावी लागते. इंजिनाचा धूर त्यात गेला तर खालच्या माणसाला भोवळ येते, आणि पाण्याखाली भोवळ आलेला माणूस बहुतेक वर येत नाही. बॅरनला तर डोंगराचाही धूर असतो. वारा फिरला की दिवाळीत फटाके वाजून गेल्यावर गल्लीत येतो तसला वास यायचा. तो आला की मी मशीन बंद करायचो. मग पाहुण्यांची कुरकुर सुरू व्हायची, गाईड येऊन हात जोडायचा, पण मी ढिम्म. माझा स्वभाव तसा तिरकाच आहे. भरलेल्या प्रत्येक सिलिंडरची चावी जरा उघडून मी आधी स्वतः वास घ्यायचो. माझ्या नाकातून गेल्याशिवाय हवा खाली जायची नाही. मालकांनी वास शोधायचं यंत्र आणून दिलं होतं, तेही मी वापरायचो. नाक आधी आणि यंत्र नंतर.

नाकाइतकाच महत्त्वाचा कान. कॉम्प्रेसर बिघडायच्या आधी आवाज बदलतो. आतली झडप ढिली झाली की आवाजात जरा ओलसरपणा येतो, तो ऐकला नाही तर पुढं मोठं काम निघतं. म्हणून मला दिलेले कानांत घालायचे बोळे मी कधी लावले नाहीत. बोळे लावले तर ऐकणार काय? वर्षानुवर्षं मी त्या मशीनला कान लावून बसलो. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. पण तेव्हा दुसरं काही सुचलं नसतं हेही खरं.

पाहुणे पाण्यात गेले की बोट एकदम रिकामी व्हायची. कॅप्टन वर सुकाणूपाशी, बंगाली स्वयंपाकी त्याच्या भांड्यांत, आणि मागच्या डेकवर मी आणि रिकामे सिलिंडर. पुढ्यात काळा डोंगर. ज्यांच्यासाठी मी एवढी हवा भरली ती सगळी माणसं माझ्या पायांखाली कुठं तरी आपल्या आनंदात, आणि वर मी नुसता त्यांच्या बुडबुड्यांकडे बघत बसलेला. एकदा कोलकात्याच्या एक बाई आल्या होत्या. नवऱ्याबरोबर डायव्हिंग शिकून आल्या, पण बोट हलायला लागली आणि त्यांना ती लागली ती लागलीच. एकदाही पाण्यात उतरल्या नाहीत. माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या. एके दिवशी विचारलं, “आप भी नीचे नहीं जाते?” मी म्हणालो, नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “अच्छा है. कोई तो ऊपर होना चाहिए.” मग आम्ही दोघं तसेच धुराकडे बघत बसलो. त्या फेरीत मला जरा बरं वाटलं होतं.

बोटीवर मराठी कळणारा एकच माणूस होता, सुदाम. पासलीचा. म्हणजे वेल्ह्याच्याही पलीकडे, घाटमाथ्याला टेकलेलं गाव. हा गडी आधी पानशेतच्या धरणात लाँच चालवायचा, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं इकडे आला. त्याचं काम रबरी डिंगी चालवायचं. पाहुण्यांना डिंगीतून बेटाच्या काठाला न्यायचं, ते खाली गेले की त्यांच्या बुडबुड्यांच्या मागं मागं राहायचं आणि ते वर आले की गोळा करून आणायचं. माझ्यापेक्षा बराच लहान, पण अंगानं दांडगा. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून तो शिडीवरच थांबला.

“भाई, तुमी भोरचं का काय?”

“व्हय. तू कुठला?”

“पासली. आयला, भोरचा मानूस हितं हवा भरतुया!” असं म्हणून त्यानं मला मिठी मारली. अंगाला सगळं खारं पाणी होतं.

सुदामला समुद्र कधी आवडला नाही. तो बघायचा डोंगराकडे. त्या शेळ्यांवर त्याचा फार जीव. “ह्यांला कोन राखनदार न्हाई, तरी कशा टिकल्यात बघा,” असं दर फेरीला म्हणायचा. एकदा त्यानं तोंडाला हात लावून शेळ्यांना हाळी दिली. खालच्या उतारावरच्या शेळ्यांनी खरोखर माना वर केल्या, आणि तो त्या दिवशी जेवणापर्यंत खुशीत होता.

ती हाळी आपल्याकडे डोंगरात ज्यांनी ऐकली असेल त्यांना सांगायला नको. एका धारेवरून दुसऱ्या धारेवरच्या माणसाला मारायची लांब हाक. तिचा एक कायदा आहे. ज्याला हाळी ऐकू आली त्यानं ओ द्यायची आणि असेल तिथं थांबायचं. ओ आली की हाळी देणारा उतरून त्याच्याकडे येतो. ओ दिली नाही तर समोरचा जिवाला घोर लावून घेतो. सुदाम पाहुण्यांना घेऊन परत यायला लागला की लांबूनच हाळी द्यायचा. मी “ओ” द्यायचो आणि शिडी खाली सोडायचो. वॉकीटॉकी होता, पण आमचं हे असं चालायचं. पाहुणे हसायचे. मला मात्र दिवसभरात तेवढ्याचीच वाट असायची, हे आज सांगायला हरकत नाही.

पुढं पुढं मी ती हाळी कानानं ऐकायची सोडून डोळ्यांनी ऐकायला लागलो. डिंगी दिसली, त्याचा हात तोंडाकडे गेला, की मी ओ द्यायचो. हे कधीपासून सुरू झालं ते माझं मलाही कळलं नाही. मी कुणाला बोललो नाही. हवा भरणाऱ्याचा कान गेला म्हणजे त्याचं काम गेलं, आणि काम गेलं तर मला परत जायला त्या बंद घराशिवाय काय होतं?

ती गोष्ट घडली तेव्हा मोसम संपत आला होता. आमची बोट जुनी. तिचं मोठं इंजिन सुरू करायलासुद्धा हवेचा धक्का द्यावा लागायचा, आणि त्या हवेची टाकी वेगळी असायची. त्या फेरीत टाकीची झडप गळत होती, भरलेली हवा टिकत नव्हती. इंजिनवाला आजारी पडून बंदरावरच राहिला होता, म्हणून तेही काम माझ्याकडे. मी कॅप्टनना सांगितलं की टाकीत एका धक्क्यापुरती हवा धरून आहे, त्याच्या पुढचं मी बोलू शकत नाही. कॅप्टन तुतिकोरिनकडचे, मोजकं आणि तेही मोडक्या हिंदीत बोलणारे. म्हणाले, “मग बंदरात पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.”

दुपारनंतर काही पाहुणे गाईडबरोबर पाण्यात गेले. सुदाम डिंगीत. समुद्रावर करडे, हलके दगड तरंगत होते, ज्वालामुखीतून आलेले. हातात घेतला तर पावासारखा सच्छिद्र लागतो. मी ते बघत होतो तेवढ्यात पश्चिमेकडून पावसाची सर आली. सर म्हणजे काय, पडदाच ओढला. बेट गेलं, डिंगी गेली, आमच्या बोटीचं पुढचं टोकही दिसेना. सर ओसरली तेव्हा डोंगराचा धूर पावसानं खाली दाबला जाऊन काठावर उतरला होता, आणि डिंगी कुठंच नव्हती.

वॉकीटॉकीवर उत्तर नाही. ते तरंगते दगड बघून माझ्या मनात आलं, डिंगीच्या इंजिनात पाणी ओढायची जागा तुंबली असणार आणि इंजिन तापून बंद पडलं असणार. कॅप्टनचाही तोच अंदाज. बंद पडलेली डिंगी प्रवाहाबरोबर वाहत जाते, म्हणून प्रवाह ज्या दिशेला होता तिकडे आम्ही बोट नेली. रीतच तशी आहे आणि ती बरोबर आहे. सगळे कठड्याला उभे राहून पाणी धुंडाळत होते. किनाऱ्याला वायरलेस केला होता, मदत निघाली होती, पण ती पोचायला सकाळ झाली असती. अंदमानात दिवस आपल्यापेक्षा लवकर बुडतो. सूर्य पार कलला आणि समुद्रावर एक ठिपकासुद्धा दिसला नाही.

मी कठडा धरून उभा होतो आणि डोळ्यांपुढं एकच माणूस. पाहुण्यांची काळजी नव्हती असं नाही, पण खरं सांगायचं तर सुदामचीच जास्त होती. त्याला काही झालं असतं तर या बोटीवर मी कुणाशी बोलणार होतो? आणि एकदम मनात आलं, हा पासलीचा माणूस आहे. दर्यावर वाढलेला माणूस वादळ आलं की खडकापासून लांब पळतो. डोंगरातला माणूस पाऊस आला की कपारीला जातो, आडोसा बघतो. इंजिन बंद पडल्यावर यानं वल्हं मारून डिंगी उघड्या समुद्रात ठेवली असेल का? छे! यानं डोंगरच गाठला असणार. आणि तिथं तर लाटा खडकावर आपटतात. लाव्हाचा तो खडक काचेसारखा धारदार असतो. वारा फिरून काठाकडे आला तर रबरी डिंगीच्या चिंध्या होतात.

मी कॅप्टनना जाऊन सांगितलं. त्यांनी बोट वळवली.

बेटाजवळ आलो तरी काही दिसेना. धूर आणि पाऊस यांची एकच भिंत झाली होती. आणखी आत जाण्याची सोय नव्हती. कॅप्टननी भोंगा वाजवला. डोंगरानं तो परत पाठवला, दुसरं काही आलं नाही. पण आलं असतं तरी कळणार कसं? खाली इंजिन, शेजारी जनरेटर, त्यांची धडधड बोटीच्या हाडात भिनलेली. मी म्हणालो, “साहेब, सगळं बंद करा. तो हाक मारील.”

“इंजिन परत सुरू होईल?”

“एकदा होईल.”

“नक्की?”

“नक्की नाही.”

ते कचरले. त्यांचंही चुकत नव्हतं. बोटीवर बाकीचे पाहुणे होते, आणि इंजिन सुरू झालं नसतं तर आम्हीही त्याच खडकावर गेलो असतो. शेवटी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती मुठीत चुरगाळली आणि म्हणाले, “बंद करा.”

मी खाली जाऊन इंजिन बंद केलं, जनरेटर बंद केला आणि धावत वर आलो. बोटीवर आल्यापासून मी पहिल्यांदाच ती शांत बघत होतो. फ्रिज बंद, पंखे बंद, कुणी हलत नव्हतं. मी डोळे मिटले आणि सगळा जीव कानात आणला. कानात माझाच कॉम्प्रेसर चालू होता, बारीक, न थांबणारा. मी वाट बघत राहिलो.

डोळे उघडले तेव्हा स्वयंपाक्याचा हात वर गेला होता. तो डोंगराच्या एका सोंडेकडे बोट दाखवत होता. कॅप्टनही तिकडेच बघत होते. पाहुण्यांतल्या एक बाई रडायलाच लागल्या होत्या, हसतही होत्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी स्वयंपाक्याचा दंड धरून विचारलं, “कुठं?”

तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “सुनाई नहीं देता, चाचा? वो देखो, फिर से!”

“हां, हां,” मी म्हणालो आणि इंजिनाकडे खाली उतरलो. तेवढ्या पायऱ्या उतरताना मला जितकं एकटं वाटलं तितकं शमीम गेल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. माझ्या माणसानं मारलेली हाक सगळ्या बोटीला ऐकू आली होती आणि मला आली नव्हती.

हवेची चावी हातात घेतली, अल्लाचं नाव घेतलं आणि हवा सोडली. इंजिन लागलं की नाही ते आवाजावरून ठरवायचा माझा धीर झाला नाही. मी तळहात त्याच्या अंगावर टेकवला. आधी एक आचका लागला, मग नुसती थरथर, आणि मग ती थरथर जुळून आली. इंजिन लागलं होतं.

डिंगी त्या सोंडेच्या आड सापडली. एका बाजूची हवा निघून ती लोळागोळा झालेली. पाण्यात गेलेले सगळे पाहुणे आणि गाईड तिच्यात होते आणि वल्ह्यांनी खडकाला रेटून डिंगी लांब ठेवत होते. एक वल्हं मोडलं होतं, वॉकीटॉकी भिजून बंद पडला होता. सुदाम वल्ह्याऐवजी हातांनी खडक रेटत होता. आम्ही दोर टाकला आणि ओढून घेतलं. ते सगळे शिडीवर चढत असतानाच वारा फिरला. थोडा उशीर झाला असता तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

गाईड वर येताच कॅप्टनपाशी सुदामची तक्रार करायला लागला. आम्ही शिट्ट्या मारत होतो, ओरडत होतो, पण हा माणूस तोंडच उघडत नव्हता, उलट आम्हालाच गप्प करत होता, असं त्याचं म्हणणं. सुदाम डेकवर पाय पसरून बसला होता. मी त्याच्या तळहातांवर पट्ट्या बांधत होतो. दोन्ही हात सोलवटून निघाले होते.

“का रं, ओरडला का न्हाईस?”

“मशीनच्या आवाजात हाळी देऊन काय उपेग? घसा बसला आसता. मला म्हाईत हुतं, भाई मशीन बंद करनार. बंद झाली, मंग दिली.”

मी गाठ मारत राहिलो. मान वर करायचं धाडस होत नव्हतं.

“वरनं त्या बंगाल्याची आरोळी आली,” तो म्हणाला. “तुमची ओ न्हाई आली. म्हनलं, भाईंला काय झालं का काय.”

“खाली व्हतो. इंजिनापाशी.”

त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. “व्हय,” एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून तो माझ्या डाव्या बाजूला कधी बसला नाही. मागून हाक मारायची सोडून दिली, पुढं येऊन बोलायचा. कुणाला काही सांगितलं नाही आणि मलाही काही विचारलं नाही. मोसम संपला तसं मी मालकांना भेटून सांगितलं की पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा. ते म्हणाले, “बशीरभाई, तुमच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे.” मी म्हणालो, म्हणूनच. ज्याला मशीन ऐकू येत नाही त्यानं दुसऱ्याच्या पाठीवरची हवा भरू नये. निर्णय बरोबर होता. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही.

भोरला परत आलो. पुण्याच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यातून रिक्षाचा हॉर्न फार सुंदर ऐकू येतो, माणसांचं बोलणं मात्र पाण्याखालून आल्यासारखं येतं. अजानची वेळ मी घड्याळात बघतो. शेजारी चांगले आहेत, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा मोठ्यानं सांगायचा माणसाला कंटाळा येतोच. हळूहळू लोक मान हलवून पुढं जायला लागतात. त्यांचा राग येत नाही. मीही पूर्वी आमच्या बहिऱ्या मामूंना असंच करायचो. काही दिवस असे जातात की संध्याकाळी लक्षात येतं, आज आपण तोंडच उघडलं नाही.

सुदामही नंतर गावी आला. भाताचं शेत, दोन म्हशी, शेळ्या. फोन करतो, पण फोनवर मला फक्त ‘भाई’ एवढंच कळतं, पुढचं सगळं खरखर. त्याला लिहायचा कंटाळा. म्हणून तो मोबाईलवर शेळ्यांचे फोटो पाठवतो. मी अंगठा पाठवतो.

अधूनमधून मीच पासलीला जातो. भोरहून नसरापूर, तिथून वेल्हे, तिथून पासलीची एस.टी. त्याचं घर ओढ्यापलीकडच्या चढावर आहे. एस.टी.चा आवाज आला की तो अंगणात येऊन हाळी देतो. मी बसमधून उतरून त्या चढाकडे बघत राहतो. त्याचा हात तोंडाकडे गेलेला दिसला की ओ देतो, आणि तो मला न्यायला खाली येतो.

परवा श्रावणात गेलो तर धुकं इतकं की ओढासुद्धा दिसेना. एस.टी. मला सोडून वळली आणि निघून गेली. समोर नुसतं पांढरं. घर दिसत नाही, अंगण दिसत नाही, हात तर लांबच. कान असून नसल्यासारखे. त्यानं हाळी दिली का, देतोय का, देऊन थकला का, कळायला काहीच मार्ग नव्हता. मला बेटावरची ती भिंत आठवली. तेव्हा तो त्या धुरात तोंड मिटून बसला होता, माझ्या भरवशावर. मी पिशवी खाली ठेवली, चढ जिकडे असेल असं वाटलं तिकडे तोंड केलं आणि पोटातून ओ दिली.

एस.टी.च्या शेडमध्ये बसलेल्या दोन बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी परत दिली. माझा आवाज मला छातीत लागत होता, कानात येत नव्हता. कायद्याप्रमाणे आता जागचं हलायचं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. बराच वेळ कुणी आलं नाही. बायकांनीही बघायचं सोडून दिलं.

मग धुक्यातून प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला माणूस पुढं आला. सुदामच. हातापायांना शेण लागलेलं. माझ्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असा उभा राहून म्हणाला, “कुनाला ओ देत व्हता?”

“तुला. हाळी ऐकली की तुझी.”

तो हसला नाही. “भाई, म्या आजून दिलीच न्हवती. गाडी आज लवकर आली. म्या गोठ्यात व्हतो. तुमची ओ ऐकली आन् आलो.”

त्यानं माझी पिशवी उचलली, मागून वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आला, आणि आम्ही दोघं ओढा उतरायला लागलो.